अचल नगरीतला एक दिवस

अमरावतीहून चिखलदऱ्याकडे निघालेली एस. टी. परतवाड्याच्या स्थानकावर थोडा वेळ विसावते, उतारू खाली उतरून चहा घेतात, कोणी संत्री विकत घेतो, आणि गाडी पुन्हा सातपुड्याच्या रोखाने चालू लागली की त्यांतल्या बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही की, जी नगरी वऱ्हाडच्या स्वतंत्र सल्तनतीची राजधानी होती आणि जिच्या नावाने एकेकाळी हा सारा मुलूख ओळखला जाई, ती अचलपूर नगरी आपण दोन-तीन किलोमीटरांच्या अंतरावर तशीच मागे टाकून चाललो आहो. मीही कित्येक वर्षे या वाटेने असाच गेलो. थंड हवेच्या ओढीने डोळे डोंगराकडे लागलेले असत आणि पायथ्याचे गाव केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण वाटे. अखेर एका कार्तिकात मनाशी निश्चय केला की, या खेपेस डोंगर चढावयाचा नाही. पहाटे निघावे, वाटाड्या न घेता आपल्याच पायांनी आणि विचारपुशीने ही नगरी पाहावी, आणि सायंकाळच्या गाडीने अंजनगाव-अकोटच्या रस्त्याने अकोल्यास मुक्कामाला जावे.

अमरावती ते परतवाडा हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर असून एस. टी.ने दीड तास पुरतो. वलगावजवळ पेढी नदीचा पूल लागतो. याच परिसरात २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी प्रवासातच देह ठेवला. पूल ओलांडताना हात आपोआप जोडले जातात. पुढे आसेगावला पूर्णा नदी येते. तिच्या दोन्ही तीरांवरची काळी, चिकण, कापसाची जमीन हीच वऱ्हाडची खरी दौलत, आणि याच जमिनीच्या वसुलासाठी बहामनी, निजामशाही, मोगल, निजाम, भोसले आणि इंग्रज हे सारे एकामागून एक येथे आले. जुन्या दप्तरांत वऱ्हाडचे तीन भाग सांगितले आहेत: उत्तरेस सातपुड्याच्या रांगांतला मेळघाट, मधला पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट पयानघाट आणि दक्षिणेचा बालाघाट. अचलपूर बरोबर त्या जागी वसले आहे, जेथे मेळघाट संपतो आणि पयानघाट सुरू होतो. डोंगरातून उतरणाऱ्या वाटा आणि काळ्या मातीचे धान्य यांची जेथे गाठ पडते तेथे राजधानी उभी राहावी, यात नवल नाही.

परतवाडा हे गाव त्या मानाने अलीकडचे. हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची छावणी येथे होती, म्हणून जुनी माणसे अजून त्यास ‘कॅम्प’ म्हणतात. मेळघाटच्या सागवानाचा व्यापार याच गावी वाढला. येथे उतरून मी दिवसभरासाठी एक रिक्षा ठरविली. रिक्षावाला तरुण होता. माझ्या हातातली वही आणि खांद्यावरची दशम्यांची पिशवी पाहून त्याने विचारले, “येकटेच आले काय, काकाजी? चिखलदऱ्याले नाई जात?” मी म्हटले, “नाही रे बाबा, आज तुझेच गाव पाहायचे आहे.” तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “आमच्या गावात काय पाह्यता जी?” त्या प्रश्नात त्याचा दोष नव्हता. ज्या गावाची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला कधी करून दिली नाही, ते पाहण्याजोगे आहे असे त्याने कोठून समजावे?

ऊन चढण्यापूर्वी मुक्तागिरी करून घ्यावी, असा माझा बेत होता. बैतूलच्या रस्त्याने खरपीवरून आत वळले की महाराष्ट्राची हद्द संपून मध्यप्रदेश सुरू होतो आणि डोंगराच्या घळीत जैनांचे हे सिद्धक्षेत्र दिसू लागते. कड्याच्या अंगाखांद्यावर पांढऱ्या शिखरांची आणि घुमटांची बावन्न मंदिरे, त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, आणि मधोमध कड्यावरून खाली झेपावणारा प्रपात. कार्तिकात त्याची धार बारीक झालेली असते, तरी तिचा नाद सर्व देवळांत भरून राहतो. या स्थानाचे दुसरे नाव मेंढागिरी. ‘निर्वाणकांड’ या प्राकृत स्तोत्रात या गिरीचा पत्ता अचलपूरच्या ईशान्येस असा दिला आहे. तीर्थाचा ठिकाणा सांगताना ज्या नगराचा आधार घ्यावा लागला, ते नगर त्या काळी किती प्रसिद्ध असेल, याचा अंदाज मला या एका उल्लेखावरून येतो. वरच्या पायऱ्यांवर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की झाडीच्या फटीतून पयानघाटाचा मुलूख धुक्यात पहुडलेला दिसतो. दिवसाच्या आरंभी हे दर्शन घेऊन मग खाली उतरावे, हाच क्रम मी पुढच्या प्रवाशास सुचवीन.

परतवाड्यास येऊन सापन नदी ओलांडली आणि अचलपुरात शिरलो. नगरीच्या अवशेषांकडे वळण्यापूर्वी तिच्या नावाविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. कारण मला या गावी जे सर्वांत मोलाचे वाटते ते येथल्या कोणत्याही इमारतीत नसून त्याच्या नावात आहे.

इंग्रजी अमदानीतील सर्व कागदांत हे गाव ‘एलिचपूर’ आहे. त्याची उपपत्ती लोक अशी सांगतात की, ईल नावाचा एक जैन राजा येथे होऊन गेला आणि त्याने हे नगर वसविले. त्याच कथेच्या दुसऱ्या अंगाला गझनीहून आलेला रहमानशाह नावाचा तरुण वीर आहे. तो बोहल्यावरून तसाच नवरदेवाच्या वेषात युद्धावर निघाला, म्हणून ‘दुल्हा’ म्हणविला गेला आणि ईल राजाशी लढताना कामी आला. कथा हृद्य आहे आणि तिच्यावर शेकडो वर्षे लोकांची श्रद्धा आहे. पण ईल राजाचा काळ दंतकथेप्रमाणे अकराव्या शतकातला, आणि ‘अचलपूर’ हे नाव त्याहून फार जुने. तिवरखेड येथे सापडलेला राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट शके ५५३ चा, म्हणजे इ. स. ६३१ चा असून तो अचलपुराहून दिलेला आहे. इ. स. ९८८ मध्ये चितोडकडचा हरिषेण नावाचा जैन कवी येथे आला आणि त्याने आपला ‘धम्मपरिक्खा’ हा अपभ्रंश काव्यग्रंथ याच अचलपुरात पुरा केला. मग ‘अचलपूर’चे ‘एलिचपूर’ झाले तरी कसे?

याचे उत्तर वऱ्हाडात मिळत नाही, गुजरातेत मिळते. बाराव्या शतकात पाटणला सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने आचार्य हेमचंद्राने जे व्याकरण रचिले, त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे नियम आहेत, आणि त्यांत केवळ या एका नगराच्या नावासाठी स्वतंत्र सूत्र आहे. लोक बोलताना ‘अचलपुर’ या शब्दातील च आणि ल यांची अदलाबदल करतात आणि ‘अलचपुर’ म्हणतात, एवढाच त्याचा आशय. त्याच्या जवळच्याच सूत्रात वाराणसीचे ‘वाणारसी’ कसे होते ते सांगितले आहे, आणि अचलपूरच्या लगेच पुढचे सूत्र महाराष्ट्र या शब्दाविषयी आहे, ज्यातील ह आणि र यांचा व्यत्यय होऊन ‘मरहट्ठ’ झाले. काशी, अचलपूर आणि महाराष्ट्र ही तीन नावे एका वैयाकरणाच्या लेखणीखाली अशी पंक्तीला बसलेली पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. ‘अलचपूर’चे पुढे महानुभावांच्या ग्रंथांत ‘आळजपूर’ झाले, फारशी दप्तरांत ‘एलिचपूर’ झाले, आणि मग त्या एलिचपुराचा अर्थ लावण्यासाठी लोकांच्या कल्पनेने ईल राजा निर्माण केला असावा, असे माझे मत आहे. राजाने नगर वसविले नाही. नगराच्या नावानेच राजा जन्मास घातला.

पहिला मुक्काम हौज कटोऱ्याचा. शहराच्या पश्चिमेस सुमारे तीन किलोमीटरांवर शेतांच्या मधोमध एका तलावाच्या पात्रात हा अष्टकोनी मनोरा उभा आहे. कापसाची वेचणी चालू होती, बांधावरची तूर पिवळ्या फुलांनी डवरली होती, आणि तिच्यावरून नजर वर गेली की एकावर एक मजल्यांच्या कमानी आकाशावर उमटलेल्या दिसत. आज त्याचे तीन मजले उरले आहेत. पूर्वी पाच होते आणि वरच्या दोहोंचा दगड नबाबांच्या वाड्यासाठी काढून नेला, अशी सांगी आहे. बांधकाम बहामनी धाटणीचे वाटते. पात्र कोरडे असल्याने मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो आणि कमानीच्या सावलीत बसून डोळ्यांपुढे त्या काळचे पाणी आणण्याचा प्रयत्न केला. भोवती भरलेला जलाशय, मध्ये ही अष्टकोनी वास्तू, आठही दिशांना मोकळ्या कमानी, आणि वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात पाण्यावरून थंड होऊन आत येणारा वारा! आमच्या प्रांताचा उन्हाळा ज्याने भोगला आहे, त्यास ही इमारत केवळ विलासाची वाटणार नाही. ज्याने ती योजिली त्याला या भूमीचे ऊन आणि वारा दोन्ही ठाऊक होते. मी तेथे तासभर बसलो; त्या वेळात एकही प्रवासी आला नाही, फक्त एक गुराखी मुलगा येऊन, माझ्याकडे पाहून, हसून निघून गेला.

बहामनी घराण्यातील अहमदशाह वली इ. स. १४२५ च्या सुमारास या नगरीत मुक्काम करून राहिला होता आणि त्याने जवळचा गाविलगड बांधविला व नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. त्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, देवगिरीवर चालून जाणारा अल्लाउद्दीन खिलजी याच वाटेने गेला, आणि रामदेवरायाशी झालेल्या तहात एलिचपूरच्या उत्पन्नाची मागणी त्याने केली. पण या नगरीचा खरा मध्यान्हकाळ इमादशाहीचा. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी युद्धात पकडला गेला, बहामनींच्या चाकरीत वाढला, वऱ्हाड तरफेचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये बहामनी सत्ता ढासळू लागताच स्वतंत्र झाला. त्याच्या वंशाकडे वऱ्हाड १५७४ पर्यंत राहिले. त्या साली अहमदनगरच्या मूर्तझा निजामशाहाने ते जिंकले, आणि पुढे १५९६ मध्ये चांदबीबीस तेच वऱ्हाड मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. दक्षिणेतल्या पाच शाह्यांपैकी विजापूर, गोवळकोंडा, अहमदनगर, बीदर ही नावे आपल्या मुलांना पाठ असतात. पाचवीचे नाव विचारले की वऱ्हाडातलाच विद्यार्थी अडखळतो. याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुपारी शहरात आलो. पन्नी घराण्यातील अफगाण नबाबांच्या काळच्या दगडी तटाचे तुकडे आणि दरवाजे वस्तीत अजून उभे आहेत. यांत दुल्हा दरवाजा सर्वांत लक्षात राहतो. खालून सायकली, रिक्षा आणि शाळेतून सुटलेली मुले यांचा ओघ चाललेला असतो, आणि वर कमानीच्या सांध्यांतून पिंपळाची रोपटी फुटलेली असतात. आतील मोहल्ल्यांची नावे ऐकताच जुन्या कसब्याची मांडणी समजते: सरमसपुरा, बिलनपुरा, अब्बासपुरा, सुलतानपुरा. एकेका सरदाराने, एकेका जमातीने आपला पुरा वसविला आणि पुऱ्यापुऱ्यांनी मिळून शहर झाले. या गल्ल्यांतून नकाशा न घेताच हिंडावे. एखादी जुनी हवेली, तिच्या लाकडी खांबांवरची नक्षी, दाराशी बसलेली सुपे-टोपल्या विणणारी बाई, मशिदीच्या भिंतीला लागून असलेले किराणा दुकान आणि त्यापुढे मारुतीचे देऊळ, हे सारे एका दमात भेटते. सुलतानपुऱ्यातील गढीचे अवशेष मी पाहिले, पण त्यावर फार वेळ घालवावा असे आता तेथे उरलेले नाही.

नबाबांचा इतिहास मात्र सोडून देण्याजोगा नाही. मोगली सुभ्यात एलिचपूर हा गाविल सरकारातला परगणा; मोगली सत्ता ढिली पडताच निजाम आला आणि त्याच्या पाठोपाठ नागपूरचे भोसले आले. १७३७ मध्ये रघूजी भोसल्यांनी शहराबाहेर भूगावजवळ एलिचपूरच्या सुभेदाराचा, शुजाअतखानाचा, पराभव केला. पुढे कित्येक वर्षे वऱ्हाडात दोअंमल चालला. एकाच रयतेकडून निजामाचे आणि भोसल्यांचे असे दोन्ही कारकून वसूल नेत, आणि दोघांच्या ओढाताणीत कुणबी भरडला जाई. याच काळात निजामाच्या वतीने येथे पन्नी नबाब आले. अकोला जिल्ह्यातील बाळापूरचा किल्ला १७५७ मध्ये पुरा करणारा इस्माईलखान हा एलिचपूरचाच नबाब. म्हणजे अकोलेकरांच्या रोजच्या ओळखीच्या त्या बुरुजांचा धागाही येथेच येऊन मिळतो. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने गाविलगड सर केला आणि देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क संपला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर एलिचपूर हा काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अमरावतीत घातला गेला आणि कचेऱ्या उठून गेल्या. राजधानीचा सुभा झाला, सुभ्याचा जिल्हा झाला, जिल्ह्याचा तालुका झाला.

बिच्छन नदीच्या काठी दुल्हा रहमानशाहाचा दर्गा आहे. घाटावर लिंबाची दाट सावली होती, चिरेबंदी प्रांगणात दोन-तीन कुटुंबे बसली होती, आणि त्यांतले एक हिंदू होते हे आईच्या कपाळावरील कुंकवावरून दिसत होते. नवसाने झालेले मूल पायाशी घालण्यास ती आली होती. ईल राजाविषयी मी वर जे लिहिले ते सप्रमाण लिहिले आहे. तरी त्या मातेपुढे माझी व्याकरणसूत्रे मी वहीतच मिटून ठेवली. तेथल्या एका वृद्ध सेवकास मी विचारले की, येथे भुईचाफा कोठे दिसतो काय. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त एलिचपूरविषयी लिहिताना दोनच गोष्टी आवर्जून नोंदविल्या आहेत: हे मोठे शहर असून राजधानीचे ठिकाण आहे, आणि येथे जमिनीलगत उमलणारे एक अतिशय सुगंधी फूल होते, ज्यास ‘भूपनचंपा’ म्हणतात. ते आपला भुईचाफाच असावे असे मला वाटते. वृद्ध म्हणाला, “बारिश की शुरुआत में आना, भाईसाब. अब कहाँ?” बादशहाच्या दप्तरात सुभ्याचा वसूल आणि महाल मोजता मोजता एका फुलाची नोंद राहून गेली, आणि त्याविषयी आज विचारले तर ऋतू सांगणारा माणूस येथे भेटतो, याचे मला मोठे समाधान वाटले.

काठावरच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. जेवताना रिक्षावाल्याने चम्मकचे नाव काढले. त्याचा मामा त्या गावचा. अचलपूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या या लहानशा गावी एकोणिसाव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातील त्या सनदेने चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले आहे, आणि चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक. दान बिनशर्त नाही: राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, शस्त्र धरू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, या अटी पाळल्या तरच ते चालेल, असे त्यात बजाविले आहे. इनाम देतानाच इनामदारास ताकीद देणारी ही दीड हजार वर्षांपूर्वीची सनद मी त्यास समजावून सांगितली तेव्हा तो म्हणाला, “मामाले सांगतो आता. त्याईले मालूमच नसन.” सकाळी गावात काय पाहता असे विचारणारा हाच तरुण. त्या दिवसाचे सर्वांत मोठे फळ मला तेथेच मिळाले.

उन्हे कलताना स्टेशनवर गेलो. मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरांचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग १९१३ मध्ये सुरू झाला. मूर्तिजापूर-यवतमाळ फाटा त्याच्या दहा वर्षे आधीचा. किलिक निक्सन कंपनीने स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने अचलपूरचा हा मार्ग बांधला. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गावर आणून मुंबईच्या बंदरात पोहोचवावा आणि तेथून तो मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा, हा त्यामागील हिशेब. १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. लोकांनी या गाडीस ‘शकुंतला’ हे गोड नाव दिले; दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट येथील माणसांची लग्नकार्ये, बाजारहाट, शाळा, दवाखाने, सारे तिच्या मंद गतीवर चालत असे. आता गेली काही वर्षे ती बंद आहे. रुळांवर गवत माजले आहे आणि फलाटावर शेळ्या चरत होत्या. ही गाडी पुन्हा चालू व्हावी म्हणून या भागातील माणसे तळमळीने मागणी करीत असतात, आणि माझाही आवाज त्यांत आहे. कारण जे नगर पाहण्यास रस्ता बदलून यावे लागते, त्यास एकदा तरी थेट त्याच्याच स्टेशनवर उतरून यावे अशी माझी फार इच्छा आहे.

अकोल्याची गाडी मिळाली तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारी नऊवारी नेसलेली एक म्हातारी, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन बसली होती. वाहकाने तिकिटाचे यंत्र पुढे करून विचारले, “कोठून बसल्या, आजी?”

“इलचपूरहून, बाप्पा. अकोटले लेकीकडे चालली.”

“म्हंजे अचलपूरच न?”

“थेच थे. आमी इलचपूरच म्हनतो.”

वाहकाने यंत्राची कळ दाबली, ‘अचलपूर’ असे छापलेले तिकीट तिच्या हाती दिले, तिने ते न वाचताच पदराच्या गाठीत बांधले, आणि अंजनगावच्या पानमळ्यांचा ओलसर वास खिडकीतून आत येऊ लागला.